एमबीएचा फॉर्म भरताना प्रवर्ग कोणता टाकायचा? (एसईबीसी, ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि आयआयएम)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी धागा काढतेय. तो स्वतः इथे येणार नाही, त्याला मराठी टायपिंगचा कंटाळा.

पोरगा मेकॅनिकल झालाय, चाकणला नोकरी करतोय. यंदा कॅट (आयआयएमची देशपातळीवरची परीक्षा) आणि आपली राज्याची एमबीए सीईटी दोन्ही द्यायचंय. घर सिन्नर तालुक्यात, भाऊजी झेडपीच्या शाळेत शिक्षक, चार एकर जमीन. जात मराठा. त्याच्याकडे एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला आहे आणि नॉन-क्रिमीलेयरही (घर सधन थरातलं नाही असा दाखला) काढून ठेवलंय. सीईटीचं त्यामुळे ठीक. पण कॅटच्या फॉर्मवर एसईबीसी असा पर्यायच नाही! क्लासवाला म्हणतो, "एनसी-ओबीसी (नॉन-क्रिमी ओबीसी) टाक, तेच ते." मित्र म्हणतो, "जनरल टाक, झंझट नको." आणि आमचे एक काका म्हणतात, "ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) काढा, सगळ्यांना मिळतं." तिघं तीन वाटा दाखवतात आणि पोरगा मला फोन करतो.

जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. दोन्हीकडे आरक्षण कसं चालतं, तेही.

---

पारावरचा

काही उलगडायचं नाही ताई. ज्याच्याकडे दाखला त्याची जागा, बाकीच्यांनी ९९ पर्सेंटाइल काढून घरी बसायचं. आमच्या शेजारचा मुलगा ९८.६ ला सगळीकडून नकार घेऊन आला. दिवा घ्या.

---

प्रवेशखिडकी

गोदाकाठताई, मी एका कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे, दर वर्षी हाच प्रश्न शंभर तोंडांनी ऐकते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पारावरच्यांकडे नंतर येते.

राज्याचं आरक्षण आणि केंद्राचं आरक्षण ही दोन वेगळी घरं आहेत. आयआयएम केंद्राच्या संस्था. तिथे एससी १५ टक्के, एसटी ७.५, एनसी-ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १० टक्क्यांपर्यंत, आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के आडवं आरक्षण (म्हणजे या सगळ्या प्रवर्गांच्या आतूनच). बाकी उरलं ४०.५ टक्के, ते खुलं. एसईबीसी हा २०२४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तयार झालेला १० टक्क्यांचा प्रवर्ग. तो महाराष्ट्राच्या हद्दीत, महाराष्ट्राच्या जागांना. पवईच्या आयआयएम मुंबईला (म्हणजे जुनं नीटी) किंवा आयआयएम नागपूरला तो चालत नाही. संस्था महाराष्ट्रात असली तरी जागा केंद्राच्या.

त्यामुळे क्लासवाल्याचं ऐकून एनसी-ओबीसी टाकू नका. तिथे ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतला ओबीसी. मराठा त्या यादीत नाही. मुलाखतीला कागद बघतील तेव्हा उमेदवारीच जाईल.

आता काकांचं ईडब्ल्यूएस. तत्त्व म्हणून काका बरोबर आहेत: केंद्रात ज्यांना दुसरं कुठलंच आरक्षण नाही त्यांना ईडब्ल्यूएस मागता येतं, आणि मराठा उमेदवार केंद्रीय संस्थांसाठी तो दाखला काढतात. पण "सगळ्यांना मिळतं" हे चूक. भाऊजींचा वर्षाचा पगार किती ते सांगा.

---

गोदाकाठ

नक्की आकडा विचारावा लागेल, पण तीस वर्षं नोकरी झालीय. आठ लाखांच्या वर नक्की असणार. पण मग नॉन-क्रिमीलेयर कसं मिळालं? तिथेही मर्यादा आठ लाखच ना?

---

प्रवेशखिडकी

इथेच सगळे अडकतात. आठ लाख दोन्हीकडे, पण मोजायची रीत वेगळी.

नॉन-क्रिमीलेयरला आईवडिलांचं उत्पन्न बघतात, आणि सरकारी नोकर असेल तर पगाराऐवजी पद बघतात. वर्ग एकचा थेट भरती झालेला अधिकारी असेल तर तो क्रिमी, मग पगार काहीही असो. शिक्षक वर्ग तीनमध्ये. पगार आणि शेतीचं उत्पन्न या आठ लाखांत धरत नाहीत, भाडं, धंदा, व्याज असलं बाकीचं धरतात. म्हणून भाऊजींना दाखला मिळाला, नियमानेच मिळाला. मुलाची स्वतःची कमाईही त्यात येत नाही. (खासगी नोकरीवाल्या आईबापांच्या पगाराचं प्रकरण वेगळं आणि कटकटीचं आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

ईडब्ल्यूएसला याच्या बरोबर उलट. पगार धरतात, शेती धरतात, धंदा धरतात. कुटुंब म्हणजे उमेदवार स्वतः, आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, लग्न झालं असेल तर जोडीदार आणि लहान मुलं. म्हणजे भाच्याचा चाकणचा पगारसुद्धा त्यात मिळवायचा. आदल्या आर्थिक वर्षाचं हे सगळं मिळून आठ लाखांच्या आत पाहिजे. वर केंद्राच्या दाखल्याला मालमत्तेची अट: शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर बाद, हजार चौरस फुटांचा किंवा मोठा फ्लॅट असेल तर बाद. जमीन जिरायत की बागायत कोणी विचारत नाही. मराठवाड्यात सहा एकर कोरडवाहू असलेला माणूस कागदावर श्रीमंत ठरतो आणि द्राक्षाच्या साडेचार एकरवाला या अटीतून सुटतो.

तुमचा भाचा चार एकरांमुळे वाचला, पण पगारामुळे अडकला. म्हणजे सीईटीला एसईबीसी, कॅटला जनरल. एकाच पोराचं एकाच वर्षी. मित्राने कंटाळून सांगितलं असलं तरी निघालं तेच.

---

वऱ्हाडी_पाहुणा

प्रवेशखिडकी, १००% सहमत. एक भर घालतो. मी यवतमाळचा, भटक्या जमातीतला, एका आयआयएममधून बाहेर पडून बरीच वर्षं झाली. आमचं उलटं असतं. राज्यात माझा दाखला एनटी-सी. केंद्रात एनटी नावाचं खानंच नाही. पण जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, म्हणून तिथे मी एनसी-ओबीसी. तहसीलमधून येणारा राज्याचा दाखला तिकडे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. आमच्या तालुक्याच्या सेतू केंद्रात त्या नमुन्याचं नाव काढलं की समोरचा माणूस आतल्या माणसाकडे बघायचा आणि आतला चहाला गेलेला असायचा.

यादीत जात कोणत्या शब्दांत लिहिली आहे तेही बघा. पोटजात, समानार्थी नाव, सगळं यादीतल्यासारखंच हवं.

@गोदाकाठ, तुमच्याकडे कुणबी नोंद आहे का कुठे? पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावचा जन्ममृत्यू रजिस्टर, जुनं फेरफार? असेल तर चित्र बदलतं. कुणबी केंद्राच्या यादीतही आहे.

---

गोदाकाठ

भाऊजींच्या आजोबांच्या चुलत्यांची काहीतरी नोंद निघाली म्हणे २०२३ मध्ये, ती कुणबी नोंदी शोधणारी शिंदे समिती आली होती तेव्हा सगळं गाव तहसीलला पळत होतं. भाऊजींनी तेव्हा लक्ष दिलं नाही.

---

प्रवेशखिडकी

मग लक्ष द्या, पण घाईने नको. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि नोंद ज्याची आहे त्याच्यापासून भाच्यापर्यंत वंशावळ कागदावर जुळावी लागते. चुलत्यांची नोंद असेल तर तो चुलता आणि भाऊजींचे आजोबा सख्खे की चुलत, हे दाखवायला पुन्हा कागद. जमलं तर राज्यातही ओबीसी, केंद्रातही ओबीसी. मग एसईबीसी सोडायचा, दोन्ही ठेवता येत नाहीत.

राज्यात जातीच्या दाखल्यानंतर आणखी एक पायरी असते, जात पडताळणी. जिल्हा समितीकडून वैधता प्रमाणपत्र आणायचं. कॅपला (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) आरक्षित जागा घ्यायची तर ते लागतं. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत दिली, पण त्या भरवशावर राहू नका. कागद वेळेत आला नाही तर उमेदवार खुल्या यादीत जातो, आणि मिळालेली जागा जाते. माझ्या खिडकीत मी रडताना पाहिलेली बहुतेक मुलं कटऑफने हरलेली नसतात. एकीचं नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चला संपलं होतं, जुलैत तिला कळलं.

---

लोकल८१२

माझा प्रश्न सीईटीचा. दर वर्षी जमनालाल बजाजचा (मुंबई विद्यापीठाची चर्चगेटची मॅनेजमेंट संस्था) कटऑफ ९९.९ च्या वर बघतो आणि पोटात गोळा येतो. तिथे खुल्या वर्गाला नेमक्या किती जागा असतात? कटऑफच्या पीडीएफमध्ये जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एनटी२-एस असलं काय काय असतं, काही बोध होत नाही.

---

प्रवेशखिडकी

अक्षरं फोडून वाचा. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे फक्त मुलींसाठी. मधे प्रवर्ग. त्यात व्हीजे म्हणजे विमुक्त जाती (एनटी-ए), एनटी१ म्हणजे एनटी-बी, एनटी२ म्हणजे एनटी-सी, एनटी३ म्हणजे एनटी-डी. एनटी१ म्हणजे एनटी-ए समजून दर वर्षी कोणीतरी चुकीची रांग बघतो. शेवटचं अक्षर: एच म्हणजे त्याच विद्यापीठाचे, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुम्ही पदवी कुठून घेतली त्यावर एच की ओ ठरतं.

आता हिशोब. नाव कुठल्याच संस्थेचं घेत नाही, १२० जागांची सरकारी किंवा विद्यापीठाची संस्था धरू, जिथे ७०-३० (७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या, ३० टक्के बाहेरच्या मुलांना) लागू आहे. १५ टक्के अखिल भारतीय, म्हणजे १८ जागा. तिथे सीईटीबरोबर कॅट, सीमॅटसारखे स्कोअरही चालतात आणि राज्याचं जातीचं आरक्षण नाही. उरल्या १०२. त्यात एससी १३ टक्के, एसटी ७, व्हीजे ३, एनटी-बी २.५, एनटी-सी ३.५, एनटी-डी २, ओबीसी १९; झाले ५० टक्के. वर एसईबीसी १०. ईडब्ल्यूएस वेगळं आहे, ते बाजूला ठेवू. खुल्या राहिल्या ढोबळ ४१. त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी राखीव, मग जी-ओपनला २८-२९. त्याचे ७०-३० केले की बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलाला आठ-नऊ जागा. दिव्यांग आणि माजी सैनिकांच्या मुलांच्या जागा अजून धरलेल्या नाहीत.

आणि या आठ-नऊ जागांवर फक्त "ओपन" मुलं नसतात. खुली जागा कोणाच्याही नावाची नाही. ओबीसीचा मुलगा ९९.९५ ला असेल तर तो खुल्या जागेवर बसतो आणि ओबीसीची जागा त्याच्या मागच्याला जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून ही गोष्ट पक्की आहे.

सीईटी देणारे लाख-सव्वा लाख धरले तर ९९.९ च्या वर शंभर-सव्वाशे मुलं. त्यातली बरीच मुंबईतल्या दोन-तीन कॉलेजांचेच पर्याय सर्वांत वर भरतात. कटऑफ एवढा वर का, ते इथे दिसतं.

---

डोंबलाचं_गणित

यात एक मजा बघा. वरच्या हिशोबात एनटी-डीला १०२ च्या २ टक्के, म्हणजे दोन जागा. एक एचला, एक ओला. आता त्या खान्याचा कटऑफ म्हणजे एकट्या एका मुलाचा किंवा मुलीचा स्कोअर. या वर्षी ९९.४, पुढच्या वर्षी ९७.१, त्याच्या पुढे ९९.६. आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, "बघा, ९७ वाल्याला बजाज!" एका माणसाची सरासरी काढून समाजावर निबंध लिहितात.

मोठ्या प्रवर्गांचे आकडे तेवढे उड्या मारत नाहीत. बघायचेच असतील तर तीन-चार वर्षांचे एकत्र बघा.

---

पारावरचा

ठीक, गणित पटलं. पण ९८.६ चं काय? कॅटमध्ये ९८.६ म्हणजे देशात वरचे दीड टक्के. त्याला एकही चांगलं आयआयएम नाही आणि ८० वाल्याला आहे, हे तुम्हाला न्याय्य वाटतं?

---

वऱ्हाडी_पाहुणा

पारावरचे, न्यायाचं नंतर बोलू, आधी संख्या बघू. २०२४ च्या कॅटला २.९३ लाख मुलं बसली. वरचे १.४ टक्के म्हणजे तुमच्या शेजाऱ्याच्या पुढे चार हजारांवर मुलं. सगळ्या जागा खुल्या केल्या तरी अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता मिळून त्या मुलांना पुरत नाहीत. त्याला ज्यांनी मागे टाकलं ते बहुतेक त्याच्याच रांगेतले.

दुसरं, कॅट ही फक्त दारापर्यंतची परीक्षा. अहमदाबादच्या अलीकडच्या पद्धतीत अंतिम यादीला मुलाखतीचे ५० टक्के, लेखी विश्लेषणाचे १०, कॅटचे २५, आणि १५ टक्के "अ‍ॅप्लिकेशन रेटिंग"चे, ज्यात दहावी, बारावी, पदवी, अनुभव हे येतं. बारावीला ७२ टक्के असलेल्या इंजिनीअर मुलाला ९९.५ ला मुलाखतीचं बोलावणं येत नाही आणि बारावीला ९५ असलेल्या बीकॉमच्या मुलीला येतं, हे दर वर्षीचं. यात जात कुठे आली? शेजाऱ्याच्या मुलाचे दहावी-बारावीचे मार्क विचारा एकदा.

कलकत्त्याचा तोल वेगळा, बंगळूरचा वेगळा. म्हणून "९९ ला काय मिळेल" हा प्रश्न अर्धवट आहे.

आणि न्यायाचं म्हणाल तर: केंद्रीय संस्थांत २७ टक्के ओबीसी आरक्षण २००६ च्या कायद्याने आलं, २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, आणि तेव्हा खुल्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा वाढवल्या गेल्या. हे कोणी सांगत नाही. मी घरातला पहिला पदवीधर होतो. मुलाखतीत त्यांनी मला यवतमाळच्या कापसाच्या जिनिंगवर वीस मिनिटं उभं-आडवं फाडलं. जातीवर एक शब्द नाही. आत गेल्यावर पहिल्या सत्रात अकाउंट्सने माझी हाडं खिळखिळी केली, तेव्हाही प्रोफेसरने प्रवर्ग बघून मार्क दिले नाहीत.

---

पारावरचा

दहावी-बारावीचं खरं आहे. त्याला बारावीला ७० च्या आसपास होते म्हणे. तरीपण फरक मोठा वाटतो, हे माझं मत कायम.

---

डोंबलाचं_गणित

मत ठेवा की. पण खासगी संस्थांकडे कोणी बघतच नाही याचं मला नवल वाटतं. विनाअनुदानित कॉलेजात २० टक्के संस्थास्तरावरच्या (संस्थेने स्वतः भरायच्या) जागा असतात, त्यावर पारावर एकही चर्चा ऐकली नाही. कागदोपत्री त्याही गुणवत्तेनेच भरायच्या. :) अल्पसंख्याक संस्थांना तर जातीचं आरक्षण लागूच नाही, कारण घटनेच्या १५(५) कलमातच त्यांना वगळलंय. ते कलम आलं तेही खासगी कॉलेजांतल्या आरक्षणावरच्या २००५ च्या इनामदार निकालानंतर, जो महाराष्ट्रातल्याच खटल्यातला. आणि एक्सएलआरआय, एसपी जैन यांच्या पीजीडीएमला (एमबीएसारखी पदविका) ना कॅप, ना जातीचा कोटा. सिंबायोसिसला एससी १५, एसटी ७.५ आहे, ओबीसीला नाही. म्हणजे ज्याला आरक्षणाचा त्रास होतो त्याने तिकडे जावं. फी बघून परत येईल.

---

लोकल८१२

फी! अहमदाबादची दोन वर्षांची २५ लाखांच्या वर, आणि बजाजची त्याच्या चौथाईच्या आसपास. म्हणून तर चर्चगेटवर एवढी गर्दी.

---

प्रवेशखिडकी

शिवाय कॅपमधून प्रवेश घेतला तर राज्याच्या शिष्यवृत्त्या लागू होतात. आठ लाखांच्या आतल्या खुल्या वर्गाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी, मुलींसाठी २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमध्ये पूर्ण शिकवणी फी माफ. इथे उत्पन्नाचा दाखला लागतो, नॉन-क्रिमीलेयर नव्हे, आणि त्यात पगार धरला जातो. संस्थास्तराच्या जागेवर बसलात तर यातलं काही नाही. आयआयएमला गेलात तर तिथल्या स्वतःच्या मदत योजना आणि बँकेचं कर्ज. नावाजलेल्या संस्थांना बँका तारण मागत नाहीत.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. भाऊजींशी काल बोलणं झालं. पगार आठ लाखांच्या वर आहे, म्हणजे ईडब्ल्यूएसचा विषय संपला. ते आता कुणबी नोंदीच्या मागे लागलेत, पण कॅटचा फॉर्म सप्टेंबरात बंद होतो आणि तोवर काही हातात येईल असं दिसत नाही. मग फॉर्म जनरलमध्ये भरून नंतर दाखला आला की बदलता येईल का?

---

प्रवेशखिडकी

नाही. नोंदणी बंद झाली की कॅटचा प्रवर्ग बदलत नाहीत. जनरल भरलं की त्या वर्षापुरता जनरल. आणि हातात दाखला नसताना ओबीसी भरलं आणि तो आलाच नाही, तर जनरलमध्ये ढकलतील या आशेवर राहू नका. मला विचाराल तर यंदा कॅट जनरलमधून द्या, सीईटीला एसईबीसी ठेवा, आणि कुणबीचं काम सावकाश, नीट करा. पोरगा चोवीसचा आहे, कॅट पुढच्या नोव्हेंबरातही असते.

सीईटीसाठी मात्र आजपासून तीन गोष्टी: एसईबीसीची पडताळणी झाली नसेल तर अर्ज टाका, नॉन-क्रिमीलेयर प्रवेशाच्या वेळी चालू आहे ना ते बघा, आणि दाखल्यावरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षरनअक्षर जुळतंय का ते तपासा. वडिलांच्या नावात एका कागदावर "राव" आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी निदान पाच मुलं दर वर्षी माझ्यापुढे उभी असतात, आणि नाव दुरुस्तीच्या गॅझेटला वेळ लागतो.